अण्णांच्या डायऱ्या आणि तुझे डॉल्फिन

इंदिरानगर, नाशिक-९

प्रिय सुषमा,

तुझं पत्र मिळालं. ॲबर्डीनच्या बंदराच्या तोंडाशी, टोरी बॅटरीवर, त्या भणाणत्या वाऱ्यात उभी राहून तू डॉल्फिन पाहिलेस आणि दोन पानं त्यांच्यावरच लिहिलीस. वाचून फार आनंद झाला. पण शेवटी सहज लिहून गेलीस, "छान वाटलं, पण हे कुठे नोंदवून काय होणार? आपण काय शास्त्रज्ञ आहोत?" तिथे मी अडले. अण्णांची लेक असं म्हणते हे काही मला पटेना. म्हणून हे उत्तर. लांबणार आहे, चहा करून घे.

दिवाळीत तुझा भाऊ आला तेव्हा अण्णांच्या डायऱ्यांची पेटी माझ्याकडे ठेवून गेला. बोर्डीच्या घराचं काम निघालंय आणि तिथल्या दमट हवेत कागद टिकत नाही, इकडची हवा कोरडी, म्हणून. तेव्हापासून आमचं जेवणाचं टेबल त्या डायऱ्यांनी भरलेलं आहे आणि आम्ही दोघं ओट्यापाशी जेवतो. अण्णांची पद्धत तुला आठवत असेल. वर तारीख, खाली तिथी, मग वारा, मग भरतीची वेळ आणि त्याखाली बारीक अक्षरात शाळेत जायच्या आधीच्या फेरीत किनाऱ्यावर जे दिसलं ते. कुरव किती, चिखल्या किती, सुरूच्या बनात कोण होतं, लाटेबरोबर काय वाहून आलं. कुठे कुठे नुसतंच "विशेष काही नाही" लिहिलंय, पण त्याच्याखालीही आकडे आहेतच.

भरतीची वेळ ते तिथीची पाऊणपट करून काढायचे. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आसपास पाणी पार खाली. त्या दिवशी उधाणाची ओहोटी असल्यामुळे एरवी बुडालेले खडकसुद्धा उघडे पडतात. अष्टमीला भांग असतो, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. हा हिशेब किनाऱ्यावरच्या कोळ्यांना तोंडपाठ असतो. आता मोबाईलवर भरतीची वेळ मिनिटागणिक मिळते, पण अण्णांच्या डायरीत तिथी आहे म्हणूनच मला आज इतक्या वर्षांनी सांगता येतं की त्या सकाळी ते नेमके किती खाली उतरले असतील.

या डायऱ्यांमधली एक गोष्ट वाचून मी थांबले. गिधाडं. सत्तरच्या दशकातल्या पानांवर गिधाडं इतक्या वेळा येतात, की ती जणू कावळ्यांइतकीच रोजची. वाहून आलेल्या जनावरावर बसलेली, ताडावर पंख पसरून ऊन खाणारी, आणि प्रत्येक वेळी अण्णांनी ती मोजून लिहिलेली आहेत. त्या काळात गिधाडं कोण मोजत होतं? सगळीकडेच तर होती. पुढे नव्वदच्या दशकात ती झपाट्याने संपत गेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना दुखण्यावर द्यायचे ते डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये सरकारने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. पण "पूर्वी अमुक ठिकाणी नेमकी किती होती?" असं विचारलं, तर बहुतेक गावांकडे उत्तर नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत, "खूप होती" एवढं कळतं. बोर्डीचं उत्तर मात्र माझ्या टेबलावर आहे, तारीख-वारासकट.

म्हणूनच तुला सांगते, दुर्मिळ दिसलं की लोक लिहितातच, नेहमीचं कुणी लिहीत नाही, आणि नेमकं तेच पुढे हवं असतं.

आता तू म्हणशील, एका माणसाच्या डायरीने काय होतं? २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल बघ. ९४२ जातींचा त्यात आढावा आहे, आणि तो कशावर उभा आहे? सुमारे ३०,००० पक्षी पाहणाऱ्यांनी 'ई-बर्ड'वर घातलेल्या ३ कोटी नोंदींवर. त्यात बँकेतले, शाळेतले, घरी असलेले, कॉलेजातली पोरं, सगळे आले. ज्या ३३८ जातींचा लांबचा कल काढता आला त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत, हे त्या नोंदींतूनच कळलं. आणि जुन्या वह्यांतल्या नोंदीही जुन्या तारखेने घालता येतात. अण्णांच्या डायऱ्या मी तशाच एकेक पान करून चढवते आहे. तुझी परवानगी गृहीत धरली आहे.

अगं, गुहागरची गोष्ट तर तुला सांगायलाच हवी. २०२५ च्या जानेवारीत, २७ तारखेला, गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री अंडी घालायला वर आली. तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा एक छोटा बिल्ला होता आणि त्यावर आकडा होता ०३२३३. गुहागरात तर असा बिल्ला कुणी लावला नव्हता. तपास केला तेव्हा कळलं, की भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर तो लावला होता. म्हणजे बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पोहून, कोकणात अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असंच तोवर बहुतेकांना वाटत होतं. त्याआधी २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरहूनच उपग्रह यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण उलट दिशेने, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. तिचा माग यंत्राने काढला. ०३२३३ चा माग मात्र माणसांनी काढला. एकाने बिल्ला लावून तारीख लिहिली, आणि चार वर्षांनी दुसऱ्या किनाऱ्यावर दुसऱ्याने अंधारात वाकून आकडा वाचला. मधल्या समुद्रात तिला कुणीही पाहिलेलं नाही.

आणि ही माणसं तिथे रात्री होती, कारण कोकणात ही सवय मुळातच लागलेली आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. कोणत्या रात्री कुठे मादी आली, किती अंडी, किती पिल्लं पाण्यात गेली, हे घरट्यागणिक लिहिलं जातं. मग एका हंगामात घरटी कमी झाली तर ते जाणवतं. नाही तर "यंदा कमी वाटतात बुवा" इतकंच.

खोटी नोंद काय करते हेही ऐक, आणि हे प्रकरण आपल्या खानदेशाशी जोडलेलं आहे. रानपिंगळा हे छोटंसं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीलायक सापडलंच नव्हतं. फक्त रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक मारल्याचा नमुना होता. लोक त्या पत्त्यावर शोधत राहिले आणि हात हलवत परतले. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले तेव्हा उघड झालं, की तो नमुना जेम्स डेव्हिडसन या खानदेशात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात गोळा केलेला होता. माइनर्ट्झहागेनने तो चोरला, पुन्हा शिवला आणि त्यावर आपली चिठ्ठी लावली. मग रासमुसेन आणि त्यांचे सोबती त्या खोट्या पत्त्याचा नाद सोडून जुन्या, खऱ्या पत्त्यांवर निघाले आणि १९९७ च्या नोव्हेंबरात नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! खऱ्या चिठ्ठ्या होत्या म्हणून सापडला. पुढे २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात दिसला, ध्यानीमनी नसताना. तानसा म्हणजे आपण कसारा उतरून मुंबईला जातो त्याच वाटेच्या बाजूला. तिथे तो असेल हे त्याआधी कुणी मानलं नसतं, पण फोटो, तारीख, जागा असं सगळं होतं, त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही.

या माइनर्ट्झहागेनचा मला फार राग येतो. त्याने एकट्या घुबडाचं नुकसान केलं नाही. पुढच्या कितीतरी माणसांची वर्षं त्याने वाया घालवली.

उलट काही जुनी माणसं बघ. १८८० मध्ये जी. डब्ल्यू. व्हिडाल या अधिकाऱ्याने दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची पहिली यादी छापली, रत्नागिरीच्या नोकरीत फिरता फिरता जमवलेली. आजही त्या भागात एखादा पक्षी नवा की जुना हे ठरवायचं तर लोक तीच काढतात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १८८६ पासून अशा छोट्या छोट्या टिपणांना जागा मिळत आली आहे. डॉक्टर, इंजिनियर, जंगल खात्यातले, ज्याने जे पाहिलं ते त्याने लिहिलं.

मुंबईचं तर आणखी जवळचं उदाहरण. २०१७ मध्ये प्रदीप पाताडे आणि त्यांच्या दोन मित्रांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हे काम सुरू केलं. ओहोटीला हाजी अली, गिरगाव, जुहू, कार्टर रोड इथे लोकांना घेऊन उतरायचं आणि जे दिसेल त्याचा फोटो 'आयनॅचरलिस्ट'वर टाकायचा. मुंबईच्या त्या काळ्या खडकांवर प्लॅस्टिक सोडून काही नसतं असं समजणाऱ्या शहराला त्यांनी प्रवाळ, समुद्री गोगलगायी, समुद्रफुलं, ऑक्टोपस दाखवले. पुढे किनारी रस्त्याचं काम आलं तेव्हा हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये काढून दुसरीकडे हलवावे लागले, कारण प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. हलवलं ते बरं की वाईट, यावर मी तुझ्याशी तासभर भांडेन. माझ्या मते ते तिथेच राहायला हवे होते. पण "इथे काही नाहीच" असं म्हणायची सोय राहिली नाही, हे मोठं काम झालं.

कोळ्यांचंही सांगते. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य सरकारने २०१८ च्या डिसेंबरात सुरू केली. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात. तांडेल ओरडतोय, दोन खलाशी सुरी घेऊन जाळं कापतायत आणि एकाने मोबाईल धरलाय, असे व्हिडिओ तूही पाहिले असशील. त्यात पैशाचा भाग आहेच, पण खोल समुद्रात कुठे कोणता जीव आहे याची इतकी माहिती दुसऱ्या कुणाकडून मिळणार? किनाऱ्यावर उभं राहून आपल्याला काय दिसतं? २०१५ मध्ये कुणकेश्वरपुढच्या समुद्रात निळे देवमासे दिसले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक जिवंत निळा देवमासा किनाऱ्याला लागला. गावकरी, वन खातं, सगळे धावले, पण तो वाचला नाही. त्याआधी आपल्या समुद्रात निळे देवमासे आहेत असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी गोष्ट म्हणून ऐकलं असतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत बोर्डीला गेलो होतो. तुमच्या घराच्या थोडं पुढे, भरतीने सोडलेल्या काड्या-कचऱ्याच्या रेषेवर एक मेलेलं कासव होतं. आता मी अशा वेळी काय करते ते नीट सांगते, कारण तुझ्याकडेही सील वगैरे किनाऱ्याला लागत असणार. हात लावायचा नाही. आधी लांबून पूर्ण फोटो, मग वरून पाठीचा, मग डोक्याचा, आणि फोटोत मापासाठी चप्पल किंवा पेन. पाठीवर मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना जे मोठे खवले असतात ते मोजायचे. हिरव्या कासवाला दोन्हीकडे चार-चारच असतात, ऑलिव्ह रिडलेला पाच किंवा जास्त, बहुतेकदा सहा-सात, आणि कधी कधी डावीकडे एक आकडा आणि उजवीकडे दुसरा असा फरकही असतो. या कासवाला डावीकडे सहा होते, उजवीकडे सात. मानेला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला होता, हिरवा, इतका आत रुतलेला की कातडी त्याच्यावरून वाढलेली होती. म्हणजे ते जाळं घेऊन बरेच दिवस जगलं होतं. पुढच्या पायांवर बिल्ला आहे का ते पाहिलं, नव्हता. मग वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. जिवंत असतं तर डहाणूला कासवांचं उपचार केंद्र आहे, तिथे गेलं असतं. हे सगळं तिथेच वाळूत बसून वहीत लिहिलं. घरी येऊन लिहू म्हटलं की सहा-सातचे सहा-सहा होतात.

आमच्या इंदिरानगरात समुद्र नाही हे खरं, पण किनाऱ्याचे पाहुणे इथेही येतात. निफाडजवळ गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमधमेश्वर आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं ते. हिवाळ्यात तिथे चिखल्या, तुतवार, कुरव, सुरय असतात, डहाणूच्या वाळूवर असतात तशाच लगबगीत. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. मंगोलियात गळ्यात आकड्यांची पट्टी घातलेले पट्टकादंब महाराष्ट्रात दिसलेले आहेत, म्हणून त्यांच्या थव्यातली प्रत्येक मान दुर्बिणीतून बघायची. हे काम मला फार आवडतं. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाभर गणना असते, तेव्हा तर जायचंच.

आणि रोजचं म्हणजे आमचा जॉगिंग ट्रॅक. एका अंगाला मुंबई-आग्रा रस्त्याची घरघर, दुसऱ्या अंगाला झाडं. रोज त्याच वेळी, त्याच टोकापासून पंधरा-वीस मिनिटं चालायचं आणि दिसलेला, ऐकलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. साळुंक्या, तांबट, बुलबुल, शिक्रा, ठिपकेवाल्या मुनिया, आणि पारवेसुद्धा. निवडून चार चांगले पक्षी लिहायचे नाहीत, सगळेच लिहायचे. मग ज्या दिवशी यादीत चिमणी नसते त्या दिवशी ती खरंच नव्हती, हे कळतं. २०२३ च्या नोव्हेंबरात सिडकोत आणि आमच्या बोगद्यापलीकडे गोविंदनगरात बिबटे शिरले, तेव्हा घरोघरी व्हिडिओ फिरले. त्यातल्या किती व्हिडिओंवर वेळ आणि जागा लिहिलेली होती? पांडवलेण्याच्या डोंगराकडून ते कोणत्या वाटेने येतात हे कळायला त्या दोन ओळी फार उपयोगी पडल्या असत्या. ट्रॅकवरच्या मैत्रिणींना मी आता हेच सांगते, फोटो पाठवाल तर खाली वेळ आणि चौक लिहा.

एवढी एक काळजी मात्र घे. घुबडाचं घरटं, कासवाची अंडी, असं काही सापडलं तर नेमकी जागा सगळ्यांना दिसेल अशी टाकायची नाही. 'आयनॅचरलिस्ट' धोक्यातल्या जिवांची जागा आपोआप धूसर करतं, पण व्हॉट्सॲपवर ती सोय नाही.

आता तुझं काम. टोरीला गेलीस की तारीख, वेळ, किती वेळ उभी होतीस, डॉल्फिन किती, पिल्लं होती का, बंदरात शिरत होते की बाहेर जात होते, एवढं लिही. एकही दिसला नाही त्या दिवशी तर नक्की लिही. पाठीवरच्या पराच्या खाचांवरून तिथले शास्त्रज्ञ एकेक डॉल्फिन ओळखतात, तेव्हा फोटो बरा आला तर पाठवून दे. आणि तुझ्याकडे सपाट छपरांच्या खडीवर ऑयस्टरकॅचर घरटी करतात ना, लाल लांब चोचीचे काळे-पांढरे? तेही मोज. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे त्याच जातीचे, पण ते मध्य आशियातून, सैबेरियाकडून येतात. अण्णांच्या डायऱ्यांत ते दोन-तीनदा आहेत, चोचीच्या रंगासकट.

त्यावरून आठवलं, एका गोष्टीत मला तुझी मदत हवी. १९७६ च्या डायरीत अण्णांनी कितीतरी पानांवर शेवटी "को. नाही" असं लिहिलंय. कधी "को. २", कधी "को. नाही". हे को. म्हणजे कोरल पक्षी, असं मला वाटतं, कारण तो आकडा थंडीत जास्त वेळा येतो. पण मे महिन्यातही दोनदा "को. १" आहे, आणि तुझा भाऊ म्हणतो ते कोतवालही असेल. अण्णा तुला सकाळी बरोबर न्यायचे, तू त्यांना नाव घेताना ऐकलं असशील. त्या पानांचे फोटो सोबत पाठवते आहे. तुझं उत्तर येईपर्यंत ती नोंद मी चढवत नाही.

तुझी,
नलू